विज्ञानकथेचं पहिलं पुस्तक: लिहायला बसल्यापासून छापून येईपर्यंत

माझा पहिला कथासंग्रह आल्यापासून दोन प्रश्न सारखे कानावर येतात. "मराठीत विज्ञानकथेला वाचक आहे का हो?" आणि "हल्ली काय चालतं?" विचारणारे बहुतेक विशी-तिशीतले, दोन-तीन कथा लिहून ठेवलेले. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं. मी या क्षेत्रातला जाणकार वगैरे नाही, एका पुस्तकाचा धनी आहे. पण ठेचा ताज्या आहेत.

पायरी १: कल्पना एकच घ्या

इंग्रजीत ज्याला 'स्पेक्युलेटिव्ह फिक्शन' म्हणतात त्यात विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा, 'इतिहास वेगळा घडला असता तर' छापाच्या कथा असं सगळं येतं. मराठीत या सगळ्याला मिळून रुळलेला एक शब्द नाही. संपादकाला पत्र लिहिताना त्यावर डोकं खपवू नका. विज्ञानाचा धागा असेल तर 'विज्ञानकथा' लिहा, नसेल तर 'अद्भुत' किंवा 'गूढ'. संपादकाला तेवढं पुरतं.

कथेत जगातली एकच गोष्ट बदला आणि बाकीचं जग जसंच्या तसं राहू द्या. मग ती बदललेली गोष्ट काढून बघा. तरीही कथा उभी राहत असेल, तर तुम्ही कौटुंबिक कथेला यंत्रमानवाची झालर लावली आहे. मी अशा सहा कथा लिहिल्या आणि सहाही फाडल्या.

पायरी २: हे भविष्य कुणाचं, ते ठरवा

इथे जरा थांबतो, कारण 'विविधता' म्हटलं की लोकांना वाटतं, चार पात्रांमध्ये एक मुस्लिम, एक आदिवासी आणि एक बाई शास्त्रज्ञ टाकली की झालं. मलाही तसंच वाटायचं.

माझ्या संग्रहातली एक कथा हवेतली वाफ ओढून पाणी करणाऱ्या मनोऱ्यांची आहे. पहिल्या खर्ड्याची सुरुवात अशी होती:

"डॉ. देशमुखांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत त्या रात्री इतिहास घडत होता."

वाचून माझी मलाच जांभई आली. आपल्याकडे असे डॉक्टर देशमुख, कुलकर्णी, जोशी कॉफी पीत खूप इतिहास घडवून गेले. प्रयोगशाळा, शोध, त्यातला धोका, शेवटच्या पानावर कलाटणी: हा साचा एका पिढीनं मनापासून घडवला आणि त्याच्या जोरावर मराठी विज्ञानकथा उभी राहिली, हे मान्य. पण माझं आजोळ माण तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी टँकरच्या रांगेत हंडे लावले आहेत. तिथल्या माणसाला मनोरा कसा चालतो याच्याशी घेणंदेणं नसतं. तो विचारतो, पाणी कुणाच्या वाट्याला येणार?

महिनाभर कथा तशीच पडून राहिली. मग एकदा तलाठी कार्यालयात मामाबरोबर वारसनोंदीसाठी बसलो होतो, तेव्हा सुचलं. हवेतलं पाणी उपसायचं तर सरकार आधी त्याची नोंद ठेवणार. म्हणजे ढगाचाही सातबारा निघणार! आणि सातबारा म्हटला की लगेच प्रश्न आला, त्यावर नाव कुणाचं? दुसऱ्या खर्ड्याची सुरुवात:

"तलाठ्यानं टॅब तिच्याकडं फिरवला. 'मावशी, तुमच्या नावावर ढगच न्हाई.'

'आवो पर पाऊस माज्या बी डोक्यावर पडतोय की,' ती म्हणाली."

बाईचं नाव जमिनीवर नाही म्हणून आभाळावरही नाही. भूमिहीन कुटुंबाला तर आभाळच नाही. शोध तोच, मनोरे तेच, पण प्रश्न विचारणारं माणूस बदललं आणि अख्खी कथा बदलली. विविधता म्हणजे मला एवढंच कळलं आहे. 'असं झालं तर काय?' हा विज्ञानकथेचा मूळ प्रश्न. त्यात 'कुणाचं काय?' हे जोडलं की कथानक आपोआप दुसऱ्या वाटेनं जातं. तसं गेलं नाही, म्हणजे पात्राचं नाव बदलूनही काहीच हललं नाही, तर तुम्ही फक्त नाव बदललं आहे.

घरचा अभ्यास म्हणून एक करा. तुमच्या कथेतलं तंत्रज्ञान ज्याच्या हातात आहे त्याला बाजूला ठेवा आणि ज्याच्यावर ते वापरलं जातं त्याच्या तोंडून पहिलं पान लिहा. सफाई कामगार, ऊसतोड मुकादम, आशा ताई, डिलिव्हरी करणारा पोरगा. एक पान पुरे. जमलं नाही तर फाडून टाका, पण लिहून बघा.

पायरी ३: भाषेचं भान

दोन खड्डे आहेत. पहिला, पारिभाषिक शब्दांचा. २०७० सालचं पात्र "मी माझा भ्रमणध्वनी प्रभारित करतो" असं म्हणायला लागलं की वाचक पान मिटतो. आज लोक मोबाईल चार्जिंगला लावतात, उद्याही काहीतरी चार्जिंगलाच लावतील. नवीन वस्तूला नाव द्यायचं असेल तर लोक तिला काय म्हणतील ते शोधा. माझ्या कथेत सरकारी कागदावर 'आर्द्रता संकलन मनोरा' आहे आणि गावात त्याला 'शोष्या' म्हणतात.

दुसरा खड्डा बोलीचा. निवेदन प्रमाण मराठीत आणि बोली फक्त गड्याच्या, मोलकरणीच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी, ही आपली जुनी खोड. शास्त्रज्ञ वऱ्हाडीत विचार करू शकते. यान चालवणारी मालवणीत शिव्या देऊ शकते. मात्र जी बोली तुमची नाही ती त्या भागातल्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापायला देऊ नका. मी नंदुरबारकडच्या एका पात्राला सरसकट अहिराणी बोलायला लावली होती. ऑफिसमधला धुळ्याचा मित्र वाचून म्हणाला, "अरे, हा पाड्यावरचा आहे ना? मग बाजारात अहिराणी बोलेल, घरात आईशी भिली बोलेल." एका वाक्यात त्यानं मला पात्र समजावून दिलं. कथेत मी भिली घातली नाही, कारण मला ती येत नाही. आईशी बोलताना त्याची भाषा बदलते, एवढंच लिहिलं. तेवढं पुरलं.

पायरी ४: तपासणी

विज्ञान त्या विषयातल्या माणसाकडून तपासून घ्या आणि कथा विज्ञानाशी संबंध नसलेल्या माणसाकडून. आईला वाचून दाखवलीत आणि ती मध्येच उठून कुकर बंद करायला गेली, तर ते पान कापा.

पायरी ५: कथा पाठवा, एकेक करून

थेट पुस्तकाच्या मागे लागू नका. मराठीत नवा लेखक आजही बऱ्याचदा दिवाळी अंकातून पुढे येतो. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मासिक मनोरंजन'नं ही प्रथा सुरू केली, तिचा फायदा तुम्ही-आम्ही अजून घेतोय. नवशिक्यांची हमखास चूक वेळापत्रकाची असते. अंक दिवाळीत येतो म्हणून लोक सप्टेंबरात कथा पाठवतात, तेव्हा पानं लागून गेलेली असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र टाका, जूनपर्यंत कथा पोचू द्या. पावसाळा पुरता रंगात यायच्या आत संपादकाच्या टेबलावर ढीग झालेला असतो.

साधी वही करा: कथेचं नाव, कुठे पाठवली, कधी, उत्तर काय. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नका. मी पाठवली होती, दोन्हीकडे घेतली गेली, आणि एका संपादकांना फोन करून कथा मागे घेताना जी त्रेधा उडाली ती विसरलेलो नाही. 'साभार परत' आलं तर आभार मानून वहीत टीप करा. उत्तरच न येणं हे त्याहून कितीतरी जास्त वेळा होतं. तीन महिन्यांनी एकदा नम्रपणे विचारा आणि मग कथा मोकळी समजा.

स्पर्धांना मी विशेष मानतो, त्यातही नाव झाकून परीक्षण होणाऱ्या. मराठी विज्ञान परिषद (स्थापना १९६६) विज्ञानरंजन कथांची स्पर्धा घेत आली आहे. १९७४ मध्ये तिथे 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग कळलं की लेखक जयंत विष्णू नारळीकर आहेत. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. त्यांना आपलं मोठं नाव लपवायचं होतं, आपल्याला लपवायला नावच नाही, हे खरं. पण आपल्याकडे पाकिटावरचं आडनाव गाव, जात, घरातलं पुस्तकांचं कपाट असं बरंच काही न विचारता सांगून टाकतं. ते झाकून वाचलं जाणं ही नव्या लेखकासाठी लहान गोष्ट नाही.

पायरी ६: बाजार बघा, पण त्याच्या मागे धावू नका

'हल्ली काय चालतं?' याचं प्रामाणिक उत्तर असं आहे की पुस्तकाच्या दुकानात अनुवाद, चरित्रं आणि 'यशस्वी कसे व्हाल' चालतं. विज्ञानकथा कुठे आहेत विचारलं तर दुकानदार बालसाहित्याकडे बोट दाखवतो. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांकडे होतं, म्हणजे मान मिळाला. स्वतंत्र फळी मात्र अजून मिळायची आहे.

दुकानापलीकडे तीन दारं आहेत. एक, ग्रंथालयं. राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं आहेत आणि मराठी पुस्तकाची आवृत्ती खपण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. प्रकाशक निवडताना त्याचं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात दिसतं का, ते स्वतः जाऊन बघा. दोन, ऑडिओ. स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप २०१७ मध्ये भारतात आलं आणि कामावर जाता-येता मराठी पुस्तकं ऐकणारा एक वर्ग तयार झाला. तिथे रहस्य आणि भय जोरात असतं, भागाच्या शेवटी श्वास अडकवणाऱ्या मालिकांना मागणी असते. तुमची कथा तशी असेल तर उत्तम. नसेल तर तिला ओढूनताणून तशी करू नका, कानाला ते लगेच कळतं.

तिसरं दार परदेशातलं, आणि विविधतेची चर्चा खरी तिथेच पेटली आहे. २०१५ मध्ये विज्ञानकथा-अद्भुतकथा छापणाऱ्या इंग्रजीतल्या ६३ नियतकालिकांत छापल्या गेलेल्या २,०३९ कथांपैकी कृष्णवर्णीय लेखकांच्या फक्त ३८ होत्या, अशी मोजणी 'फायरसाइड' नियतकालिकानं पुढच्या वर्षी प्रसिद्ध केली. त्यावरून गदारोळ झाला आणि त्यातूनच कृष्णवर्णीय लेखकांचं 'फायाह' हे नियतकालिक निघालं. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय अमेरिकी लेखिकेला २०१६, २०१७, २०१८ अशी सलग तीन वर्षं कादंबरीचं ह्यूगो, म्हणजे विज्ञानकथा-अद्भुतकथेतलं मानाचं पारितोषिक, मिळालं. त्याआधी २०१५ मध्ये लिऊ त्सिशिन यांच्या चिनी कादंबरीच्या अनुवादाला ते मिळालं होतं. म्हणजे दार किलकिलं झालं आहे. 'स्ट्रेंज होरायझन्स' या नियतकालिकाचं 'समोवार' तर खास अनुवादित कथांसाठीच आहे.

मानधनाचा हिशेबही करून बघा. अमेरिकेतल्या विज्ञानकथा-अद्भुतकथा लेखकांच्या व्यावसायिक संघटनेनं शब्दाला किमान ८ सेंट हा दर धरला आहे. ४,००० शब्दांच्या कथेला ३२० डॉलर होतात. कथा स्वतः इंग्रजीत नेता येत असेल किंवा चांगला अनुवादक मित्र असेल तर जरूर पाठवा. त्यांचे नियम वाचा आणि काटेकोर पाळा. यंत्राकडून लिहून घेतलेल्या कथांचा एवढा पूर आला की फेब्रुवारी २०२३ मध्ये 'क्लार्क्सवर्ल्ड' या विज्ञानकथेच्या नियतकालिकाला कथा घेणंच काही काळ थांबवावं लागलं होतं. त्यामुळे संपादक आता चाळणी बारीक लावतात.

एक धोक्याची सूचना. बाहेर पाठवायचं म्हटलं की हात आपोआप देवदेवता, हत्ती, हळदीचा वास याकडे जातो. 'भारतीय' दिसायचा तो सोपा रस्ता. माझ्या ढगाच्या सातबाऱ्याचा इंग्रजी खर्डा करताना मीही सातबारा काढून तिथे 'प्राचीन पर्जन्यसूक्त' घातलं होतं. अनुवादक मैत्रिणीनं ते पान परत पाठवलं आणि लिहिलं, "तलाठी परत आण." तलाठी परत आला.

पायरी ७: करार वाचा, मग सही

पाच-सात कथा छापून आल्या की प्रकाशकाकडे जा. कुणी "एवढे पैसे भरा, पुस्तक काढून देतो" म्हणालं तर लगेच हुरळू नका. मला एका ठिकाणी असा आकडा सांगितला गेला की तेवढ्यात आमच्या गावात बोअर घेऊन झाली असती. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही प्रथम प्रकाशनाचे वेगळे गट आहेत, कथेसाठी ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा आणि कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा. हे सांगण्याचं कारण असं की 'पहिलं पुस्तक' एकदाच होतं. घाईघाईत, पैसे भरून, शुद्धलेखनाच्या चुकांसकट काढलेली ६० पानं तुमची ती एकमेव संधी खाऊन बसतात.

मानधन किती टक्के याच्याइतकंच ते कशावर, हे महत्त्वाचं. २५० रुपये किमतीच्या पुस्तकावर छापील किमतीच्या १० टक्क्यांनी २५ रुपये होतात. तेच '१० टक्के' दुकानदाराचं ४० टक्के कमिशन वजा करून उरलेल्या रकमेवर असतील तर १५ रुपये. पाचशे प्रतींमागे साडेबारा हजार आणि साडेसात हजार इतका फरक पडतो.

आता कायदा. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ आपल्या बाजूनं बरंच बोलतं. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असं मानतात. आणि करारात वेगळं काही नसेल, तर घेतलेला हक्क वर्षभर वापरला नाही की तो परत तुमचा. म्हणून "सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी" अशी ओळ दिसली की पेन काढा. छापील मराठी आवृत्तीचा हक्क द्या. ऑडिओ, ई-बुक, अनुवाद, चित्रपट-वेबमालिका हे एकेक वेगळे हक्क आहेत, ते मागितले तर वेगळे द्या. मी ही ओळ खोडली तेव्हा समोरचे गृहस्थ हसून म्हणाले, "तुमच्या ढगावर कोण सिनेमा काढतंय?" मी म्हटलं, "मग राहू द्या की माझ्याकडेच." राहू दिलं.

२०१२ च्या दुरुस्तीत एक मजेशीर तरतूद आली. करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याचा हक्क करारात त्याचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय दिला गेला असं धरत नाहीत. विज्ञानकथाकारासाठी याहून गोड कलम नसेल. कायदेमंडळानंसुद्धा पुढच्या यंत्राची कल्पना करून ठेवली आहे.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, यासाठी कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. राजा राममोहन रॉय संस्थेकडून तो ऑनलाइन आणि मोफत मिळतो.

पायरी ८: प्रुफं स्वतः वाचा

संगणकावर दिसणाऱ्या पीडीएफवर भागवू नका, छापील प्रुफं मागा. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करता, पण अनेक ठिकाणी पानं अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लागतात. मजकूर इकडून तिकडे नेताना काही अक्षरं तुटतात आणि सगळ्यात आधी बळी जातो तो आपला खास मराठी 'ऱ्य'. वाऱ्यावर, कोपऱ्यात, पायऱ्या, आचाऱ्यांना. शेवटच्या शब्दातला तो गेला की स्वयंपाक करणारे थेट गुरुकुलात जाऊन बसतात आणि शुद्धलेखन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात काहीच चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. अशा शब्दांची यादी करून प्रुफात एकेक हातानं शोधा.

मी शोधले नाहीत. संग्रहातली शेवटची कथा मंगळावर घडते, तिथल्या चार हजार किलोमीटर पसरलेल्या खोल दऱ्यांमध्ये. पुस्तक छापून आलं तेव्हा पहिल्याच परिच्छेदात नायिका मंगळावरच्या 'दर्यांमधून' चालत निघाली होती. पंधरा दिवसांनी मिरजेहून एका निवृत्त भूगोल शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. कथा आवडल्याचं लिहून खाली विचारलं होतं: मंगळावर एवढे समुद्र कुठून आले आणि बाई त्यातून चालते कशी, याचा खुलासा पुढच्या भागात आहे काय?